चला चारठाण्याला!

दोस्तांनो, सुट्टी लागली की तुम्ही काय पाहायला जाता? कुणी महाबळेश्वरला, कुणी कोकणात, कुणी अजिंठा-वेरूळला. पण नकाशात ज्याचं नाव शोधायला भिंग घ्यावं लागतं, अशा एखाद्या खेड्यात केवळ गाव पाहायला म्हणून तुम्ही कधी गेला आहात का? नाही ना? मग आज माझ्याबरोबर चला. गावाचं नाव चारठाणा. जिल्हा परभणी, तालुका जिंतूर.

त्याचं असं झालं. नाताळच्या सुट्टीत माझी भाची आणि भाचा पुण्याहून परभणीला आले होते. भाची सातवीत आणि भाचा पाचवीत. भाचीजवळ एक जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं. त्यात फ्रान्समधल्या जुन्या खेड्यांची आणि मठांची छायाचित्रं होती. मठ म्हणजे जिथे ख्रिस्ती साधू एकत्र राहत, प्रार्थना करत, शेती करत आणि हातांनी पोथ्या लिहीत, अशा मोठमोठ्या दगडी इमारती. एका चित्राखाली लिहिलं होतं : फोंतने, स्थापना इ. स. १११८. भाची बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली,

"मामा, नऊशे वर्षांपूर्वीचा दगड न् दगड जागेवर! एवढ्याशा खेड्यात! आपल्याकडे असं का नाही?"

मी म्हटलं, "आहे की! उद्या सकाळी लवकर उठायचं. डबा घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, आणि तुझी चित्रकलेची वहीसुद्धा."

परभणीहून जिंतूर चाळीस-बेचाळीस किलोमीटर. एस. टी.च्या खिडकीतून दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन दिसत होती. कुठे कापसाची बोंडं फुटलेली, कुठे हिरवीगार ज्वारी, कुठे वाळत चाललेली तूर. जिंतूर आलं की डोंगर दिसू लागतात. जवळच नेमगिरी आहे. तिथल्या टेकडीत जैन लेणी आहेत आणि आतल्या मूर्ती पाहायला लांबलांबून लोक येतात. पण आपल्याला पुढे जायचं आहे. जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात चारठाणा येतं.

बसमधून उतरलो तेव्हा भाच्याचा चेहरा पडला. समोर चहाचं हॉटेल, पंक्चरचं दुकान, मोबाइलचं दुकान आणि धूळ. "मामा, हेच का ते?" मी म्हटलं, "हेच. आता एक खेळ खेळायचा. गावातून चालताना ज्याला नक्षीचा दगड दिसेल त्यानं मोठ्यानं ओरडायचं. बघू कुणाला जास्त दिसतात."

खेळ सुरू झाला आणि पाचच मिनिटांत दोघांचे घसे बसायची वेळ आली! कुठे झाडाखाली शेंदूर लावलेली शिळा, कुठे भिंतीला टेकून ठेवलेला खांबाचा तुकडा, कुठे कोपऱ्यात झिजून गेलेली मूर्ती. गाव जणू एखाद्या फुटलेल्या पेटीतल्या दागिन्यांवर वसलं आहे! गावात सांगतात, इथे एके काळी तीनशे साठ देवळं होती. आता तीनशे साठ हा आकडा मोजून ठेवलेला नव्हे बरं का. वर्षाच्या दिवसांएवढी, म्हणजे मोजता येणार नाहीत इतकी, असा त्याचा अर्थ. गावाचं जुनं नाव चारुक्षेत्र होतं, असंही सांगतात. चारु म्हणजे सुंदर.

एका घराच्या ओट्यापाशी भाचा एकदम थांबला. "हत्ती!" तो ओरडला. ओट्याच्या दर्शनी बाजूला एक लांबट दगड बसवला होता आणि त्यावर ओळीनं हत्ती कोरलेले होते. एकाची सोंड पुढच्याच्या शेपटीला लागलेली. तुम्ही देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर खालच्या अंगाला अशी हत्तींची रांग पाहिली असेल. तिला गजथर म्हणतात. सगळं देऊळ जणू हत्तींनी पाठीवर पेललं आहे, असं दाखवायचं असतं.

ओट्यावर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आम्हाला वाकून बघताना पाहून त्यांनी विचारलं,

"कुठले पाव्हणे म्हणायचे?"

"परभणीहून आलो, आजी. लेकरांना गाव दाखवायला."

"आन् इथं काय हाय बगायला? दगडंच की!"

"तेच बघतोय. हा हत्तींचा दगड कुठला हो?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं वावरातून बैलगाडीत घालून आणला. फोडून घराच्या पायात घालायचा व्हता. पर सासू आडवी पडली. म्हणली, देवळाचा हाय, याच्यावर घाव घालायचा न्हाई. मग ठिवला तसाच अख्खा. मी लग्न होऊन आले तवापासून हाय. सणावाराला हळद-कुंकू वाहतो."

त्यांनी लेकरांच्या ओंजळीत शेंगा दिल्या. आम्ही पुढे निघालो. पण ही आजी आणि तो दगड लक्षात ठेवा हं! पुढे त्यांचं काम आहे.

गावात एक दगडी स्तंभ आहे. त्याला मानस्तंभ म्हणतात. आजूबाजूच्या घरांच्या वर मान काढून तो उभा आहे. असे स्तंभ पुष्कळदा जैन मंदिरांसमोर उभारत. इथे जैन मंदिरही आहे, शंकराची देवळं आहेत, नृसिंहाचं देऊळ आहे, देवीचं देऊळ आहे. त्या देवीचं नाव ऐकून भाचा खुदकन हसला : खुराची आई! आणि एका महादेवाचं नाव तर आहे उकंडेश्वर. मराठवाड्यात उकंडा म्हणजे उकिरडा. "देवाचं नाव उकिरड्यावरून?" भाचीला पटेना. मी म्हटलं, "नावाला हसू नकोस. शेकडो वर्षांत माती, केरकचरा साचत जातो, जमीन वर येते आणि देऊळ खाली जातं. जुन्या गावात देव असे ढिगाऱ्यातच सापडतात."

ही देवळं साधारण अकराव्या ते तेराव्या शतकातली. त्या काळात मराठवाड्यावर आधी कल्याणीच्या चालुक्यांचं आणि नंतर देवगिरीच्या यादवांचं राज्य होतं. गंमत पाहा. भाचीच्या पुस्तकातला फोंतनेचा मठ १११८ साली स्थापन झाला, तेव्हा आपल्याकडे चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य राज्य करत होता. म्हणजे तिकडचे पाथरवट आणि इकडचे पाथरवट एकाच काळात छिन्नी-हातोडा चालवत होते! एकमेकांचं नावही न ऐकता.

आपण अशा देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित. हे यादव राजा महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारातले मोठे अधिकारी, तेराव्या शतकातले. पण या पद्धतीची पुष्कळ देवळं त्यांच्या जन्माआधीच बांधून झाली होती. नाव मात्र त्यांचं चिकटलं!

गोकुळेश्वराच्या देवळापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. भाचीला मी एक प्रश्न टाकला, "या दोन दगडांच्या मध्ये काय आहे सांग." तिनं बोट फिरवलं, नखानं खरवडून पाहिलं. "काहीच नाही!"

बरोबर. सिमेंट नाही, चुना नाही. एका दगडाला खोबण आणि दुसऱ्याला त्यात बसणारी खुंटी. शिवाय वरच्या दगडाचं वजन खालच्याला दाबून धरतं. वजन हाच चुना! खांबसुद्धा अखंड नसतो. तळखडा वेगळा, मधला दांडा वेगळा, वरचं बोधिकेचं डोकं वेगळं. दांडा पाहिलात तर खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल अशी त्याची रूपं बदलत जातात. आणि छत? चार खांबांवरच्या तुळयांनी एक चौकोन होतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवले की मधला चौकोन लहान होतो. त्यावर पुन्हा तिरके दगड, चौकोन आणखी लहान. शेवटी उरलेलं भोक एका दगडानं झाकायचं, आणि त्या दगडावर उमलतं कमळ कोरायचं.

हे तुम्ही घरी करून पाहू शकता. सारख्या आकाराच्या चार-पाच वह्या घ्या. टेबलाच्या कडेला एकावर एक अशा रचा की प्रत्येक वही खालच्या वहीपेक्षा थोडीशी पुढे येईल. पहिल्या प्रयत्नात पडतील. मग आतल्या बाजूला वरून एक जड पुस्तक ठेवून पाहा. का पडत नाहीत ते कळलं, की आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याचं अर्धं शास्त्र तुम्हाला आलं!

आणि आपला दगड तरी कसला! काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरले आणि त्यांचाच हा दगड झाला. इतका कठीण, की छिन्नीची धार पुन्हा पुन्हा लावावी लागते. त्यात पाकळीएवढं फूल कोरायचं म्हणजे काय धीर लागत असेल, विचार करा.

जवळच बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. वरून पाहिलं तर चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन, आणि खोल तळाशी पाणी. पायरी-पायरीनं खाली उतरताना वरचं ऊन मागे राहतं आणि अंगाला गारवा लागतो. पाणी कमी झालं तर आणखी चार पायऱ्या उतरायचं. दोर नको, रहाट नको. जुन्या शिल्पशास्त्रात बारवांना नावंही आहेत. उतरायला एकाच बाजूनं वाट असेल तर नंदा, दोन बाजूंनी असेल तर भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही बाजूंनी वाट असेल तर विजया. तुमच्या गावातली बारव यांपैकी कोणती, पाहून ठेवा.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात कितीतरी गावांनी आपापल्या बारवा साफ केल्या. आपल्याच परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूर गावी एक गोल, चक्राकार पायऱ्यांची बारव माती-कचऱ्याखाली गाडली गेली होती. गावकऱ्यांनी ती उकरून मोकळी केली. महाशिवरात्रीच्या संध्याकाळी बारवांच्या पायऱ्यांवर पणत्या लावायची पद्धतही आता गावोगावी पडते आहे.

दुपारी एका लिंबाच्या सावलीत आम्ही डबे उघडले. भाकरी, पिठलं, ठेचा आणि आजींनी दिलेल्या तुरीच्या शेंगा. जेवताना भाची गप्प होती. शेवटी म्हणाली,

"मामा, पण इथलं सगळं विखुरलंय. माझ्या पुस्तकात तर सगळं नीट आहे. तिकडचे लोक किती जपतात!"

मी म्हटलं, "थांब, तुला तिकडच्याच दोन मठांची गोष्ट सांगतो." तीच गोष्ट तुम्हालाही सांगतो.

फ्रान्समध्ये बर्गंडी नावाचा प्रांत आहे. तिथे क्लूनी नावाच्या गावी ९१० साली एक मठ स्थापन झाला. पुढे १०८८ साली तिथं एक चर्च बांधायला घेतलं. ते इतकं प्रचंड होतं, की रोममधलं सेंट पीटरचं नवं चर्च सोळाव्या-सतराव्या शतकात उभं राहीपर्यंत अख्ख्या ख्रिस्ती जगात त्याच्याएवढं दुसरं चर्च नव्हतं. मग १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. मठांच्या मालमत्ता सरकारनं ताब्यात घेतल्या आणि विकायला काढल्या. १७९८ साली क्लूनीचा मठ व्यापाऱ्यांच्या हाती गेला. त्यांना चर्च नको होतं, दगड हवे होते. त्यांनी पाडापाडी सुरू केली, चर्चच्या मधून रस्ता काढला. पंचवीसेक वर्षं दगड गाड्या भरभरून जात होते. आज त्या चर्चचा जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे.

"आणि फोंतने?" भाचीनं विचारलं.

फोंतनेही त्याच प्रांतातलं. तेही विकलं गेलं. पण ज्यांनी घेतलं त्यांनी तिथं कागदाचा कारखाना काढला! साधूंच्या मठात कागदाचा लगदा शिजू लागला. ऐकायला कसंसंच वाटतं ना? पण कारखान्याला भिंती हव्या होत्या, छप्पर हवं होतं. म्हणून मठाचा बराचसा भाग पाडला गेला नाही. पुढे १९०६ साली एका नव्या मालकानं तो विकत घेतला, कारखान्याची बांधकामं काढून टाकली आणि मठाची डागडुजी केली. १९८१ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. म्हणून तुझ्या पुस्तकात त्याचं एवढं सुरेख चित्र आलं.

भाची विचार करत म्हणाली, "म्हणजे एका मठाचे दगड विकले म्हणून तो गेला. आणि दुसरा कारखान्यामुळे वाचला."

"आणि आजींचा हत्ती सासूबाईंमुळे वाचला," भाचा म्हणाला.

दोस्तांनो, मी पन्नाशी ओलांडली, पण हे मला इतकं नेमकं कधी सुचलं नव्हतं. चारठाण्यात मी पूर्वीही आलो होतो. ओट्यांना, भिंतींना लावलेले कोरीव दगड पाहून मी मनातल्या मनात गावकऱ्यांवर रागावत असे. देवळाचे दगड घराला लावतात म्हणजे काय! पण त्या दिवशी कळलं, की रागावण्याआधी विचारायला हवं. गेल्या सातशे-आठशे वर्षांत राज्यं बदलली, दुष्काळ आले, छतं कोसळली. हे दगड उघड्यावर पडले, तेव्हा त्यांचे रखवालदार कोण होते? हेच लोक. ज्या देवळात रोज दिवा लागला ते देऊळ राहिलं. ज्या दगडाला हळद-कुंकू लागलं तो दगड फुटला नाही. आता इथल्या देवळांना राज्य पुरातत्त्व विभागाचं संरक्षण आहे, कायदा आहे. पण कायदा यायच्या आधी एक सासू आडवी पडली होती.

म्हणून काय आजही दगड घरी न्यायचे? मुळीच नाही! तेव्हा त्या दगडाला दुसरं कुणी नव्हतं, आज आहे. पडलेलं देऊळ पुन्हा उभं करायचं तर आता प्रत्येक दगडाचं माप घेतात, त्यावर क्रमांक टाकतात आणि कुठला दगड कुठल्याच्या खोबणीत बसतो ते शोधतात. तुम्ही लहानपणी चित्रांचे तुकडे जुळवायचा खेळ खेळला असाल. त्यातला एकच तुकडा हरवला तर चित्राला कायमचं भोक राहतं. तसंच हे. आणि दगड जागेवरून उचलला की त्याचा पत्ता हरवतो. तो कुठल्या देवळाचा, कुठल्या भिंतीचा, हे मग तो स्वतः सांगू शकत नाही.

हे मी सांगत असताना भाचा उठला आणि काही न बोलता बारवेच्या बाजूला चालू लागला. मी मागून गेलो. त्यानं खिशातून हाताच्या बोटाएवढा एक दगडाचा तुकडा काढला. त्यावर फुलाच्या दोन पाकळ्या होत्या. सकाळी बारवेच्या काठावर सापडला म्हणून त्यानं पुण्याच्या मित्रांना दाखवायला ठेवून घेतला होता. "मामा, हा नक्की या झुडपाजवळच होता," तो म्हणाला. पण मग इकडे तिकडे पाहत राहिला. दोन-तीन झुडपं सारखीच दिसत होती. त्याचे डोळे भरून आले. "का त्या झुडपाजवळ? आठवत नाही."

मी त्याला रागावलो नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढ्याशा वेळात त्या तुकड्याचा पत्ता अर्धा हरवला होता. जे मी शब्दांत सांगत होतो ते त्याला त्या झुडपांनी शिकवलं. भाचीनं वहीत बारवेचा नकाशा काढला होता. त्यावर आम्ही त्यातल्या त्यात बरोबर वाटली ती जागा फुली मारून नोंदवली आणि तुकडा तिथं ठेवला. तुकड्याचं चित्रही काढून घेतलं. पाकळ्यांसकट. मित्रांना दाखवायला ते पुरेसं होतं.

परतताना पुन्हा आजींच्या ओट्यावरून गेलो. ऊन उतरलं होतं आणि तिरक्या उन्हात ते हत्ती खरोखरच चालत असल्यासारखे दिसत होते. नक्षी पाहायची तर सकाळी किंवा संध्याकाळी पाहावी. भर दुपारी सावल्या पडत नाहीत आणि सगळंच सपाट दिसतं. भाचीनं आजींना हत्तींचं चित्र दाखवलं. आजींनी वही डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, "आगं बाई, पाच हायेत व्हय! मी कदी मोजलेच न्हाईत."

तर मित्रांनो, आता तुमची पाळी. चारठाण्याला जायचं तर हिवाळ्यात जा. आई-बाबांना सांगा, की एक दिवस पुरतो, आणि गाडी नसली तरी एस. टी. आहे. जवळच औंढा नागनाथचं ज्योतिर्लिंग आहे, येलदरीचं धरण आहे. जाताना वही, पेन्सिल आणि मोजायला टेप घ्या. देवळात चपला काढून जा. बारवेत मोठ्या माणसाशिवाय उतरू नका, कारण पायऱ्या निसरड्या असतात. दगडावर खडूनं नाव लिहू नका आणि मूर्तीवर चढून फोटो काढू नका. कुणाच्या ओट्याचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. आणि विचारलं की थोडा वेळ तिथं बसा, कारण खरी गोष्ट पाटीवर नसते, ती ओट्यावर असते.

आणि चारठाणा लांब पडत असेल तर? तुमच्या स्वतःच्या गावात, आजोळी, जुन्या देवळाच्या मागे जाऊन पाहा. पारावर, विहिरीच्या काठावर, गोठ्याच्या भिंतीत एखादा नक्षीचा दगड असेल. तो हलवू नका. त्याचं चित्र काढा, तो कुठे आहे ते लिहा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा इथं कुणी आणला?

भाचीचं ते जाडजूड पुस्तक परभणीलाच राहिलं आहे. तिच्या चित्रकलेच्या वहीला आता तिनं स्वतः कव्हर घातलंय. त्यावर लिहिलंय : चारठाणा, भाग पहिला.